शुश्रूषा

‘शुश्रूषा’ हा शब्द आपण मराठी माणसे इतक्या सहजपणे उच्चारतो, की त्याच्या पोटात काय दडले आहे हे पाहण्याची उसंत सहसा कोणाला होत नाही. संस्कृतात ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. त्या धातूचे इच्छादर्शक रूप घडविले की हे नाम सिद्ध होते, आणि त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा होतो. गुरूचे वचन ऐकू इच्छिणारा शिष्य गुरूच्या घरी राहून त्याची सेवा करी, म्हणून हा शब्द पुढे सेवेला लागला. सेवेतून तो रुग्णसेवेकडे आला. आणि आज शुश्रूषा म्हटले की औषधाची वेळ, अंथरुणाची चादर, तापाचा तक्ता एवढेच डोळ्यांपुढे येते. मूळचा अर्थ वाटेत कोठे तरी गळून पडला. परिचारिका, रुग्ण आणि सहकारी यांच्यातील संभाषण हा विषय हल्ली नवा म्हणून, आणि बहुधा परदेशी म्हणून, आपल्यापुढे मांडला जातो. तो आपल्याच एका जुन्या शब्दात शतकानुशतके निजलेला आहे, हे आरंभीच नोंदवून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रुग्ण, आणि प्रत्येक पादाचे चार-चार गुण मोजले आहेत. परिचारकाला उपचारांचे ज्ञान असावे, तो दक्ष असावा, रुग्णाविषयी त्याच्या ठिकाणी अनुराग असावा आणि तो शुचिर्भूत असावा, ही अपेक्षा आजच्या कोणत्याही सेवानियमावलीत शोभेल अशीच आहे. परंतु मला अधिक विचार करावयास लावतो तो रुग्णाचा एक गुण. रुग्णाला स्मरण असावे, त्याने सांगितलेले पाळावे, तो भित्रा नसावा, आणि त्याच्या अंगी ‘ज्ञापकत्व’ असावे, म्हणजे आपल्याला काय होते आहे हे त्याला नीट सांगता यावे, असे शास्त्रकार म्हणतात. शास्त्रकारांशी वाद घालण्याचा माझा अधिकार नाही. तरी एवढे म्हणावेसे वाटते, की ज्ञापकत्व हा एकट्या रुग्णाच्या पदरी बांधण्यासारखा गुण नाही. ज्याच्यासमोर सांगावयाचे तो ऐकण्यास उत्सुक असेल तर अबोल माणूसही बोलू लागतो, आणि तो घड्याळाकडे पाहत असेल तर वकिलाची सुद्धा जीभ अडखळते. रुग्णाचे ज्ञापकत्व परिचारिकेच्या शुश्रूषेवर, त्या शब्दाच्या मूळ अर्थाने, अवलंबून असते. पुढील पृष्ठांत जो विषय विस्ताराने येणार आहे त्याचे बीज माझ्या मते एवढेच आहे, आणि ते कळवणसारख्या तालुक्यात जितके स्वच्छ दिसते तितके मोठ्या शहरात दिसत नाही.

नाशिकहून दिंडोरी-वणी मागे टाकून, सप्तशृंगीच्या पायथ्याचे नांदुरी ओलांडून कळवणला पोहोचावे, तर एकाच तालुक्याच्या हद्दीत दोन मुलूख नांदत असलेले दिसतात. पूर्वेकडे गिरणेच्या पाण्यावर आणि चणकापूरच्या धरणावर पोसलेला कांद्याचा सपाट पट्टा. पश्चिमेकडे कनाशी, दळवट, जयदर यांच्या बाजूला चढत जाणारा, नागली-वरईचा, पाड्यापाड्यांत विखुरलेला डोंगराळ भाग, जो पुढे जुन्या सुरगाणा संस्थानाच्या मुलखाला आणि त्याही पलीकडे डांगाला जाऊन भिडतो. खालच्या पट्ट्यातला शेतकरी घरात अहिराणीच्या वळणाची बागलाणी बोली बोलतो. वरच्या पाड्यांवर कोकणा आहेत, भिल्ल आहेत, महादेव कोळी आहेत, आणि त्यांच्या बोली निरनिराळ्या आहेत. (कोकणा लोकांची बोली म्हणजे गोव्याची कोकणी नव्हे, नावाच्या साम्यामुळे बाहेरून बदलून आलेला माणूस येथे हमखास फसतो, आणि आपल्याला थोडीबहुत कोकणी येते या आत्मविश्वासाने संभाषण सुरू करून पहिल्याच वाक्याला थबकतो.) प्रमाण मराठी ही येथील पुष्कळ घरांत शाळेची आणि कचेरीची भाषा आहे, दुखण्याची भाषा ती नव्हे. माणूस हिशेब शिकलेल्या भाषेत करील, अर्ज शिकलेल्या भाषेत लिहील, पण रात्री दोन वाजता कळ उठली म्हणजे तो आईच्या भाषेत ओरडतो.

आणि अशा या तालुक्याच्या रुग्णालयात रुजू होणारी परिचारिका कोठून येते? कोणी विदर्भातून, कोणी मराठवाड्यातून, कोणी कोकणपट्टीतून. बदलीचा हुकूम हातात पडला की ट्रंक उचलून ती येते, आणि पहिल्याच दिवशी एखादी म्हातारी तिला सांगते, ‘मना पोटमा दुखस.’ हे समजावयास कठीण नाही. कठीण पुढे आहे, कारण ‘दुखस’ हे फक्त दार आहे. आत शिरल्यावर कसे दुखते, केव्हापासून दुखते, कोठून निघून कोठे जाते, हे सारे म्हातारी ज्या शब्दांत सांगणार ते शब्द परिचारिकेच्या पाठ्यपुस्तकात नाहीत.

येथे थोडे थांबावेसे वाटते, कारण वेदनेच्या बाबतीत आपली भाषा कमालीची श्रीमंत आहे आणि त्या श्रीमंतीची रुग्णालयात जशी नासाडी होते तशी क्वचितच दुसरीकडे होत असेल. मराठी माणसाचे गळू ठसठसते, डोके ठणकते, कानात तिडीक उठते, पाठीत उसण भरते, बरगडीत चमक निघते, पोटरीत पेटका येतो, पोटात मुरडा येतो किंवा गोळा उठतो, छातीत जळजळते, लघवीला चुरचुरते, पायांना मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, आणि ताप चढण्याआधी अंगात कसकस भरते. हे शब्द एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. ज्याला मुरडा येतो त्याला चमक निघत नाही. जे ठसठसते त्यात बहुधा पू धरलेला असतो. ज्याच्या तळव्यांची आग होते आणि पायांना मुंग्या येतात त्याची रक्तशर्करा एकदा पाहावी, हे जाणत्या परिचारिकेला त्या शब्दांवरूनच सुचते. शेकडो वर्षांच्या अनुभवाने लोकांनी स्वतःच घडविलेले हे निदानशास्त्र आहे. आणि केसपेपरवर काय उतरते? ‘पेन.’ फार झाले तर ‘पेन प्लस.’ म्हातारीने आपल्या परीने अर्धे निदान करून आणलेले असते. ते दारातच काढून घेऊन तिला आत पाठविण्यात येते.

याच्या उलट काही शब्द फसवे असतात, आणि तेथे परिचारिकेला दुभाष्याचे काम करावे लागते. ‘जीव घाबरतोय’ असे साठीच्या गृहस्थाने म्हटले की त्याला धीर देऊन ‘घाबरू नका’ असे सांगण्याचा मोह होतो. वास्तविक तो भ्यालेला नसतो, त्याच्या छातीत काही तरी बिनसलेले असते आणि घाम फुटलेला असतो, आणि मराठीत त्या अवस्थेला हाच शब्द आहे. धीराच्या दोन गोड शब्दांनी येथे घात होऊ शकतो. ‘अंगावरून जाते’ असे खाली मान घालून सांगणारी बाई काय सांगते आहे हे न कळणारी परिचारिका विरळा. पण त्या दोन शब्दांसाठी ती बाई किती आठवडे दवाखान्याच्या वाटेवर घुटमळली असेल हे ओळखून दाराचा पडदा ओढून घेणारी, आणि सोबत आलेल्या सासूला काही तरी निमित्ताने बाहेर पाठविणारी, त्याहूनही विरळा.

गडचिरोलीच्या दोन खेड्यांत राणी बंग आणि अभय बंग यांनी केलेला, आणि 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. तपासलेल्या स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रियांनी तशी तक्रार बोलून दाखविली होती. आणि पूर्वी कधी तरी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात आठसुद्धा भरत नव्हत्या. रोग होता, शब्द होते, दवाखानेही अगदीच नव्हते असे नाही. मध्ये ऐकणारा कान नव्हता. त्याच जिल्ह्यात त्यांनी आपले रुग्णालय उभारताना ते आदिवासी पाड्यासारखे झोपड्यांचे केले, त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले आणि रुग्णाजवळ नातेवाइकांना राहण्याची सोय ठेवली. विटा-मातीनेही माणसाशी बोलता येते, याचा असा दाखला आपल्याकडे दुसरा मला आठवत नाही.

औषध देताना जे बोलणे होते त्याची कथा याहून निराळी नाही. ‘जेवणानंतर तीन वेळा’ असे सांगून परिचारिका पुढच्या खाटेकडे वळते. पण कांद्याच्या खळ्यावर रोजंदारीने जाणारी बाई दिवसातून दोनदाच जेवते, म्हणून ती आज्ञा पाळण्याच्या पूर्ण निष्ठेने गोळीही दोनदाच घेते. ‘उपाशीपोटी’ म्हटले की सकाळचा चहा त्यात मोडत नाही, कारण चहाला खाणे कोण म्हणतो? ‘एक चमचा’ म्हटले की घरातला जो चमचा हाती लागेल तो. आणि सर्वांत मोठी विसंगती पथ्याची. आपल्या लोकांना औषधाइतकाच पथ्यावर विश्वास असतो, ‘पथ्य काय?’ हा प्रश्न विचारल्यावाचून मराठी माणूस दवाखान्याची पायरी उतरत नाही. त्यावर ‘पथ्य काही नाही, सगळे खा’ असे उत्तर मिळाले की त्याचे समाधान होत नाही. उलट ज्या रोगाला पथ्य नाही तो रोग सामान्य, किंवा ज्या डॉक्टराला पथ्य ठाऊक नाही तो डॉक्टर सामान्य, अशी शंका त्याच्या मनात मूळ धरते. चतुर परिचारिका या प्रश्नाला संधी समजते. पथ्य म्हणून ती स्वच्छ पाणी सांगते, विडी-तंबाखू वर्ज्य करते, मिठाचा हात आखडता घ्यावयास लावते, आणि जे उपदेश म्हणून कोणी ऐकले नसते ते पथ्य म्हणून घरोघर पाळले जाते.

शब्दाची निवड ही किती दूरवर जाणारी गोष्ट आहे याची दोन उदाहरणे सरकारी दप्तरातलीच देता येतील. हगवणीने शोषलेल्या मुलाला द्यावयाच्या क्षार-साखरेच्या पाण्याला ज्याने कोणी ‘जलसंजीवनी’ हे नाव दिले त्याला लोकांची नाडी सापडली होती; द्रोणागिरी उचलून आणणारा मारुती ज्या गावाच्या वेशीवर उभा आहे त्या गावात या शब्दाचे विवरण करावे लागत नाही. दुसरे उदाहरण ‘वाहक’ या शब्दाचे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आपल्या आदिवासी पट्ट्यांत आढळतो. ज्याच्या अंगी दोषाचा एकच अंश असतो तो स्वतः सहसा आजारी पडत नाही, पण तो दोष पुढच्या पिढीत नेऊ शकतो, म्हणून त्याला शास्त्रीय परिभाषेत वाहक म्हणतात. परिभाषा म्हणून शब्द निर्दोष आहे. फक्त पाड्यावरच्या माणसाला वाहक एकच ठाऊक असतो, आणि तो एसटीत तिकिटे फाडतो. ‘तुम्ही वाहक आहात’ हे वाक्य ऐकून जो तरुण गोंधळून पाहतो त्याला हसू नये; हसायचेच तर परिभाषाकारांना हसावे. पुढची अडचण याहून नाजूक आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी मूल रुग्ण निपजण्याची शक्यता चारांत एक असते. हे ‘चारांपैकी एक’ एवढ्यावरच सोडून दिले, की पहिले मूल आजारी निघालेले दांपत्य मनाशी हिशेब मांडते की आपल्या वाट्याचे एक भोगून झाले, आता पुढची तीन निर्धोक. प्रत्येक वेळी चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात, मागचा निकाल पुढच्या खेळात धरला जात नाही, हे समजावून सांगण्यास दहा मिनिटे लागतात, आणि ती दहा मिनिटे कोणत्याही रजिस्टराच्या रकान्यात बसत नाहीत.

महानुभाव पंथाच्या नागदेवाचार्यांनी आपल्या विद्वान शिष्याला संस्कृतात ग्रंथ लिहिण्यापासून परावृत्त केले, कारण त्यामुळे आपल्या पंथातल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, ही आठवण मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना परिचित आहे. सात शतकांपूर्वी धर्माच्या बाबतीत जी काळजी वाहिली गेली ती आरोग्याच्या बाबतीत आज कोणी वाहावी? डॉक्टर इंग्रजीत लिहितात, शासन परिपत्रके संस्कृतप्रचुर मराठीत काढते, आणि म्हातारी कोकणा बोलते. या तिन्ही भाषांच्या संगमावर उभी असते ती वॉर्डातली सिस्टर.

आणखी एक बारीक गोष्ट, जिच्याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. डोंगरपट्टीच्या बोलींत वडीलधाऱ्यालाही एकवचनाने संबोधण्याची रीत आहे; तेथला म्हातारा डॉक्टराला ‘तू’ म्हणतो तेव्हा त्यात अनादर नसतो, आपुलकी असते. शहरातून आलेल्या माणसाला मात्र तो उद्दामपणा वाटतो. याच्या उलट, परिचारिका त्याच म्हाताऱ्याला ‘ए, तू तिकडे बस’ म्हणते तेव्हा तिचा ‘तू’ प्रमाण मराठीतला असतो, आणि त्या भाषेत ‘तू’ कोणाला म्हणावयाचे आणि ‘तुम्ही’ कोणाला, हे कपड्यांवरून ठरते, हे म्हाताऱ्याला पक्के ठाऊक असते. शेजारच्या खाटेवरच्या दुकानदाराला ‘तुम्ही’ म्हटलेले त्याने ऐकलेले असते. तो रागावत नाही, तक्रार करीत नाही. फक्त पुढच्या वेळी येत नाही, भगताकडे जातो. भगत त्याला त्याच्या बोलीत, त्याच्या शेजारी जमिनीवर बसून, घरच्या सगळ्यांची नावे घेऊन विचारतो. भगताच्या विद्येविषयी मला कौतुक नाही. त्याच्या बसण्याविषयी आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 साली लिहिलेल्या परिचर्येवरील छोट्या पुस्तकात रुग्णाला मान वळवावी लागणार नाही अशा जागी त्याच्यासमोर बसून बोलावे, त्याच्या खोलीच्या दारात उभे राहून त्याच्याविषयी कुजबुजू नये, आणि त्याच्यावर पोकळ आशेचा वर्षाव करू नये, अशी सूचना केलेली आहे. क्रिमियाच्या युद्धातल्या दिव्याची गोष्ट आपल्या शाळाशाळांतून सांगितली जाते. बसण्याची ही गोष्ट कोणी सांगत नाही.

न बोलता केलेले उपचार, ते शास्त्रशुद्ध असले तरी, किती घात करतात हे महाराष्ट्राला 1897 मध्ये पुरते कळून चुकले. पुण्यात प्लेग शिरला तेव्हा रोग्यांना निराळे काढणे, घरे धुऊन काढणे, हे उपाय तत्त्वतः चूक नव्हते. पण रँडच्या अंमलाखाली गोरे शिपाई न विचारता, न सांगता माजघरापर्यंत शिरले, आणि लोकांना रोगापेक्षा इलाज भयंकर वाटू लागला. रोगी लपविले जाऊ लागले. त्याचा शेवट जूनच्या 22 तारखेच्या रात्री कसा झाला हे सांगावयास नको. त्याच साथीत, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाबरोबर प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या, आणि त्याच रोगाने मार्चच्या 10 तारखेला त्यांचा अंत झाला. एकाच वर्षाच्या, एकाच गावाच्या इतिहासात सक्ती आणि शुश्रूषा अशी शेजारी-शेजारी उभी असलेली क्वचितच सापडतात.

आता सहकाऱ्यांविषयी. परिचारिकेचे रुग्णाशी बोलणे बिघडते त्याची कारणे पुष्कळदा तिचे वरिष्ठांशी आणि बरोबरीच्यांशी बोलणे जेथे बिघडते तेथे सापडतात. आपल्या रुग्णालयांची घडण लष्करी आणि महसुली अशा दोन्ही शिरस्त्यांवर झालेली आहे. अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका, मग कक्षसेवक, मग झाडूवाल्या मावशी, अशी उतरंड, आणि वर डॉक्टर. हुकूम वरून खाली सुरळीत येतो. खालून वर खबर जाताना मात्र प्रत्येक पायरीवर तिचा थोडा थोडा जीव जातो. आठ नंबरच्या बाईचे ओठ पांढरे पडलेले सर्वांत आधी मावशीला दिसतात, कारण फरशी पुसताना ती खाली वाकलेली असते. पण मावशीने सिस्टरला सांगावे, सिस्टरने रात्री अडीच वाजता डॉक्टरांना उठवावे, आणि डॉक्टरांनी ‘एवढ्यासाठी उठवलंत?’ असे न म्हणावे, या तीन अटी एका वेळी पुऱ्या झाल्या तरच त्या पांढऱ्या ओठांचा उपयोग. अमेरिकेतल्या काही रुग्णालयांनी आरमारातून एक शिस्त उचलली: परिस्थिती काय, पूर्वपीठिका काय, माझा अंदाज काय, आणि मला काय हवे, या चार पायऱ्यांनीच परिचारिकेने डॉक्टरांना वर्दी द्यावयाची. यातली तिसरी आणि चौथी पायरी मला मोलाची वाटते. परिचारिकेने आपला अंदाज आणि आपली मागणी स्वच्छ सांगावी हे त्यात गृहीतच धरलेले आहे. आपल्याकडे ती ‘सर, जरा बघता का’ एवढेच म्हणते, आणि त्या ‘जरा’मध्ये तिचे सारे ज्ञान गुंडाळून ठेवते.

महाराष्ट्रातल्या उटी नावाच्या खेड्यातून अमेरिकेत जाऊन डॉक्टरी करणाऱ्या बापाचे चिरंजीव, बोस्टनचे शल्यविशारद अतुल गवांदे यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीने शस्त्रक्रियेपूर्वी वाचावयाचा एक पानी तपशील तयार केला. त्यातील एक कलम असे, की सुरी लावण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि आपले काम मोठ्याने सांगावे. वरवर पाहता ही पोरकट गोष्ट आहे. परंतु ज्या परिचारिकेने एकदा आपले नाव त्या खोलीत उच्चारले ती पुढे काही चुकताना दिसले तर तोंड उघडण्याची शक्यता अधिक, हा त्यामागचा विचार. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत हा क्रम लावून पाहिला, त्यांत दिल्लीचे एक होते. 2009 च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शेकडा दीडवरून 0.8 वर आणि गुंतागुंतीचे प्रकार शेकडा 11 वरून 7 वर आले. हे सारे नाव सांगण्याने झाले असे कोणी म्हणणार नाही. पण औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते, हेही खरे.

पाळी बदलताना जी ‘ओव्हर’ दिली-घेतली जाते तो या शास्त्राचा गाभा होय. रात्रीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला खाटेखाटेशी उभी राहून रुग्ण हवाली करते. जुन्या दफ्तरात एखाद्या ठाण्याचा चार्ज असाच दिला जात असे. त्यात सलाईन किती राहिले, लघवी किती झाली, ताप किती, हे आकडे येतात आणि यावेतच. त्यापलीकडचे येते की नाही हे त्या दोघींवर. परळच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग या परिचारिकेवर नोव्हेंबर 1973 मध्ये झालेल्या अत्याचारानंतर ती पुन्हा कधी बोलली नाही. मे 2015 मध्ये मृत्यू येईपर्यंत, सुमारे साडेएकेचाळीस वर्षे, त्याच रुग्णालयाच्या परिचारिकांनी तिला सांभाळले. पहिल्या पिढीच्या परिचारिका निवृत्त झाल्या, तिला कधी हिंडता-फिरताना न पाहिलेल्या मुली आल्या, आणि तिला काय रुचते, काय रुचत नाही, कोणत्या आवाजाने ती बिथरते, हे एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे, एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात राहिले. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तिच्या जगण्या-मरण्याच्या प्रश्नाचा निकाल लागला, तेव्हा त्या परिचारिकांच्या म्हणण्याला न्यायालयाने वजन दिले. जिच्याशी शब्दांचा व्यवहारच उरला नव्हता तिचे ऐकण्याची इच्छा ज्यांनी चाळीस वर्षे टिकविली त्यांना संभाषणाचे धडे देऊ पाहणाऱ्या माझ्यासारख्याने जरा संकोचावेच.

कारण दोष सर्वस्वी परिचारिकेच्या माथी मारणे हा अन्याय आहे. 1946 साली भोर समितीने अहवाल दिला तेव्हा या देशात सुमारे 43,000 लोकांमागे एक परिचारिका होती. पाचशेमागे एक असावी असे समितीने उद्दिष्ट धरले होते. तेव्हापासून पुष्कळ पाणी गिरणेतून वाहून गेले, शाळा निघाल्या, पदे निर्माण झाली. तथापि एका पाळीत एकट्या सिस्टरच्या हवाली किती खाटा असतात, आणि खाटा संपल्यावर जमिनीवर किती गाद्या असतात, हे ज्याने चैत्राच्या यात्रेच्या दिवसांत किंवा पावसाळी तापाच्या हंगामात पाहिले आहे, तो तिला गोड बोलण्याचा उपदेश करावयास धजणार नाही. तिच्या हातून रजिस्टरे किती लिहून घेतली जातात, याचा हिशेब कोणी एकदा मांडावा. पुढील पृष्ठांत जे सुचविले आहे त्यातले बरेचसे, माणसे वाढविल्यावाचून होणारे नाही. काही मात्र होण्यासारखे आहे, आणि त्या ‘काही’ची एक आठवण सांगून मी माझे बोलणे पुरे करतो.

काही वर्षांपूर्वी एका आप्ताच्या सोबतीसाठी मला डोंगराकडच्या एका रुग्णालयात तीन रात्री काढाव्या लागल्या. समोरच्या खाटेवर पाड्यावरची एक एकटी म्हातारी होती. सोडून गेलेला मुलगा परतला नव्हता. ती जेवेना, सलाईनची सुई दोनदा उपसून दाराकडे निघाली, आणि दिवसपाळीच्या मंडळींनी तिला रागे भरून, अडाणी म्हणून, हात पट्टीने खाटेला बांधून ठेवला. संध्याकाळी रात्रपाळीची सिस्टर आली. वयाने पोरसवदाच. तिने पट्टी सोडली, स्टूल ओढले आणि बसली. तिला ती बोली येत नव्हती; झाडणाऱ्या मावशीला येत होती, म्हणून तिने मावशीला हाक मारून खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसविले, आणि पहिला प्रश्न दुखण्याचा न विचारता घरी कोण आहे असा विचारला. बरेच बोलणे झाले. दोन शेळ्या, त्यातली एक व्यायला टेकलेली, आत कोंडून दाराला कडी घातलेली. तीन दिवस झाले होते. सिस्टरने उठून कोणाकोणाला फोन केले, शेवटी त्या पाड्याच्या आशाताईचा नंबर लागला, आणि तासाभराने उलट फोन आला. म्हातारीने भात मागितला.

सकाळी ओव्हर चालू होती. मी जागाच होतो. ‘चार नंबर,’ ती नव्या सिस्टरला सांगत होती, ‘ताप नाही, दुसरी बाटली आठला लावली, लघवी दोनदा झाली. आणि शेळ्या शेजारणीकडे आहेत, काळी व्यायलीय, दोन पिल्लं झालीत. विचारील, तेव्हा सांगा.’ नव्या सिस्टरने मान डोलावली, आणि केसपेपरच्या कडेला, जेथे कसलाच रकाना छापलेला नसतो तेथे, पेनाने बारीक अक्षरांत लिहिले: काळी, दोन.